जपानी आणि ह्मोंग : साम्याचे मूळ आणि नात्याचा प्रश्न

पूर्व आशियातील भाषांची कुले ठरवण्याच्या कामात जे प्रश्न अजून पुरते मिटलेले नाहीत, त्यांत जपानी भाषेच्या मुळाचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत वादग्रस्त आहे. या प्रश्नाची जी अनेक उत्तरे वेळोवेळी सुचवली गेली, त्यांपैकी काहींनी जपानीचा धागा दक्षिण चीनच्या डोंगराळ प्रदेशातील म्याओ लोकांपर्यंत नेला. म्याओ हे चीनच्या सरकारदरबारी रूढ असलेले नाव असून त्याखाली परस्परांना न कळणाऱ्या अनेक भाषा बोलणारे सुमारे एक कोटी लोक मोडतात. त्यांतील जो गट स्वतःला ह्मोंग म्हणवतो, तो चीनच्या क्वेइचौ, युन्नान आणि सिचुआन या प्रांतांपासून उत्तर व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडपर्यंत पसरलेला आहे, आणि 1975 मध्ये लाओसमधील सत्तांतरानंतर त्यातील बरेच लोक निर्वासित होऊन अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथे गेले. चीनबाहेर म्याओ हे नाव हीनतादर्शक मानले जाते, म्हणून भाषेविषयी बोलताना ह्मोंग हाच शब्द वापरणे इष्ट होय. एकीकडे तेराशे वर्षांची लेखनपरंपरा असलेली, बारा कोटींहून अधिक लोकांची राज्यभाषा जपानी आणि दुसरीकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वतःची रूढ लिपी नसलेली, कोणत्याही राष्ट्राची भाषा नसलेली ह्मोंग, या दोघींची तुलना वरवर विजोड वाटते. तरीही ती अनेकांनी केली आहे, आणि ती कोणत्या पुराव्यावर केली गेली व त्यातून खरोखर काय हाती लागते हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या तुलनेची सुरुवात भाषाभ्यासकांनी केली नाही. जपानी मानववंशशास्त्रज्ञ तोरिई र्‍यूझो (1870–1953) यांनी 1902–03 मध्ये क्वेइचौ आणि युन्नान भागात फिरून म्याओ वस्त्यांची पाहणी केली आणि 1907 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर जपानी वाचकांच्या मनात हा दूरचा डोंगरी प्रदेश आपल्या पूर्वेतिहासाशी जोडला जाऊ लागला. या कल्पनेला खरे बळ मिळाले ते 1966 मध्ये, जेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ नाकाओ सासुके यांनी लागवडीच्या पिकांवरील आपल्या पुस्तकात असे मांडले, की हिमालयाच्या पायथ्यापासून युन्नानमार्गे पश्चिम जपानपर्यंत चकचकीत पानांच्या सदाहरित वृक्षांचा एकच पट्टा पसरला असून त्या पट्ट्यात चहा, लाख, आंबवलेले सोयाबीन, चिकट भाताच्या वड्या अशा एकाच संस्कृतीच्या खुणा सापडतात. सासाकी कोमेई यांनी हा विचार पुढे विस्ताराने मांडला. खाद्यपदार्थ आणि शेतीपद्धतीच्या अभ्यासासाठी ही मांडणी फलदायी ठरली, यात शंका नाही. परंतु तिच्या लोकप्रिय आवृत्त्यांनी आंबवलेल्या सोयाबीनवरून भाषेच्या नात्यावर जी उडी मारली, तिला आधार नव्हता. पीक, पाककृती आणि भाषा ही तिन्ही एकाच माणसाबरोबर प्रवास करतात असे नाही. मिरची आणि बटाटा मराठी स्वयंपाकघरात आले, ते ज्या लोकांनी प्रथम पिकवले त्यांची भाषा मात्र आली नाही.

भाषाशास्त्राच्या चौकटीत राहून जपानी आणि ह्मोंग यांना एका कुलात बसवण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न अमेरिकन अभ्यासक पॉल बेनेडिक्ट यांनी केला. 1942 मध्ये त्यांनी ताई भाषा आणि इंडोनेशियाकडील भाषा यांचे मूळ एक असल्याचे सुचवले, 1975 च्या ग्रंथात त्या गटात म्याओ-याओ म्हणजे आज ज्याला ह्मोंग-मिएन म्हणतात ते कुलही ओढून घेतले, आणि 1990 मध्ये जपानीलाही त्याच घरात आणून बसवले. म्हणजे बेनेडिक्ट यांच्या मते जपानी आणि ह्मोंग या फार दूरच्या का होईना, पण चुलत भाषा ठरतात. ही मांडणी तौलनिक भाषाविज्ञानात टिकली नाही. दोन भाषांचे नाते सिद्ध व्हायचे तर त्यांच्या मूळ शब्दसंग्रहात नियमित ध्वनिसंवाद दिसावे लागतात. एका भाषेत अमुक ध्वनी असेल तिथे दुसरीत तमुक ध्वनी येतो, असा नियम शेकडो शब्दांत पुन्हापुन्हा लागू पडावा लागतो, आणि तो हात, पाणी, मरणे, खाणे अशा सहसा उसन्या न घेतल्या जाणाऱ्या शब्दांतही दिसावा लागतो. बेनेडिक्ट यांनी दोन-दोन, तीन-तीन अवयवांचे, म्हणजे उच्चारखंडांचे, कल्पित मूळ शब्द रचले आणि त्यांतील सोयीचा अवयव एका भाषेत टिकला, उरलेला दुसरीत टिकला असे मानले. ही सवलत एकदा घेतली की जवळजवळ कोणतेही दोन शब्द एकमेकांशी जुळवता येतात. अलेक्झांडर वोविन यांच्यासारख्या जपानीच्या इतिहासकारांनी या पद्धतीवर घेतलेले आक्षेप आजही खोडले गेलेले नाहीत.

जपानीबाबतचे इतर प्रस्तावही येथे थोडक्यात पाहिले पाहिजेत. रॉय अँड्र्यू मिलर यांनी 1971 मध्ये जपानीला तुर्की, मंगोल आणि तुंगुस भाषांच्या तथाकथित अल्ताई कुलात घातले. सॅम्युएल मार्टिन यांनी 1966 मध्ये कोरियन आणि जपानी यांच्यातील संवादांची यादी दिली. मार्टीन रोबेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अल्ताई कुलाचीच कल्पना पुरातत्त्व आणि जनुकशास्त्राच्या जोडीने नव्याने मांडली, आणि तिच्यावर लगोलग तीव्र टीकाही झाली. भारतीय वाचकांना अधिक परिचित असलेला प्रस्ताव म्हणजे ओनो सुसुमु यांचा तमिळ-जपानी सिद्धान्त, जो तमिळनाडूत उत्साहाने स्वीकारला गेला पण जपानमधील आणि बाहेरील बहुतेक तज्ज्ञांनी नाकारला. आज निर्विवाद म्हणता येईल ते इतकेच, की जपानी आणि ओकिनावा परिसरातील र्‍यूक्यू भाषा मिळून एक कुल होते, ज्याला जपोनिक म्हणतात. आणि पाणथळ भातशेतीबरोबर हे कुल कोरियन द्वीपकल्पातून जपानी बेटांवर आले असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. 1145 मध्ये सिद्ध झालेल्या ‘सामगुक सागी’ या कोरियन इतिहासग्रंथातील जुन्या ग्रामनामांत तीन, सात अशा संख्यांसाठी जपानी ‘मि’ आणि ‘नाना’ यांच्याशी जुळणारी रूपे सापडतात, हा या मताचा एक पुरावा होय. युन्नानच्या डोंगरातून थेट जपानला जाणाऱ्या वाटेची कल्पना या पुराव्यापुढे फिकी पडते. खुद्द वोविन यांनी 2014 मध्ये जपोनिकचे मूळ दक्षिण चीनमध्ये असण्याची शक्यता चर्चेला घेतली, परंतु तेव्हाही त्यांचा रोख ताई-कडाई भाषांकडे होता, ह्मोंगकडे नव्हता.

ह्मोंगच्या बाजूनेही कुलाचा प्रश्न सरळ नव्हता. ली फांग-क्वेइ यांनी 1937 मध्ये केलेल्या वर्गीकरणात म्याओ-याओ भाषा चिनी-तिबेटी कुलात धरल्या होत्या आणि चीनमधील अनेक अभ्यासक अजूनही तसेच मानतात. चीनबाहेर मात्र ह्मोंग-मिएन हे स्वतंत्र कुल मानले जाते, कारण चिनीशी जुळणारे त्यातील बहुतेक शब्द हे वेगवेगळ्या काळी घेतलेले ऋणशब्द आहेत, असे मार्था रॅटलिफ यांच्या 2010 च्या इतिहासग्रंथासारख्या कामांनी दाखवून दिले आहे. म्हणजे आजच्या जाणकारीनुसार जपानी आणि ह्मोंग या दोघीही लहान, एकाकी कुलांतील भाषा आहेत, आणि दोघींच्याही शेजारी दोन हजार वर्षे चिनी संस्कृती उभी आहे.

या शेवटच्या गोष्टीतच दोघींमधील बऱ्याच खऱ्या साम्यांचे उत्तर दडलेले आहे. शंभर या संख्येला ह्मोंगमध्ये ‘पुआ’ आणि जपानीत ‘ह्याकु’ म्हणतात; हजाराला ह्मोंगमध्ये सुरुवातीच्या महाप्राण ‘त्स’सह ‘त्सिआ’ आणि जपानीत ‘सेन’. कानाला हे शब्द मुळीच सारखे लागत नाहीत, तरीही प्रत्येक जोडी एकाच चिनी शब्दातून आलेली आहे. शंभराच्या मध्ययुगीन चिनी रूपाच्या सुरुवातीस ‘प’ आणि शेवटी ‘क’ होता. ह्मोंगने सुरुवातीचा ‘प’ राखला आणि शेवटचा ‘क’ गमावला, तर जपानीने शेवटच्या ‘क’ला स्वर जोडून तो टिकवला आणि सुरुवातीच्या ‘प’चा कालांतराने ‘ह’ केला. उलट, कानाला हुबेहूब सारखे लागणारे शब्द बहुधा योगायोगाचे असतात. ह्मोंगमध्ये कागद, पान, कातडे अशा सपाट वस्तू मोजताना ‘दाइ’ हा शब्द वापरतात आणि जपानीत मोटार, यंत्र, दूरदर्शन संच मोजतानाही ‘दाइ’च म्हणतात, दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. जपानी ‘नामाए’ आणि संस्कृत ‘नाम’ यांच्या साम्यावर मराठी विद्यार्थी नेहमी हरखतात, पण तिथेही जपानी शब्दाचे ‘ना’ आणि ‘माए’ असे दोन तुकडे आहेत आणि नाव हा अर्थ मुळात पहिल्या तुकड्यात आहे. भाषांचे नाते उच्चारसाम्यावरून ठरवण्याची सवय किती फसवी असते, हे अशा उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

शब्दसंग्रहाच्या एका क्षेत्रात मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण संस्कृतीच्या साम्यावरून भाषेच्या नात्याकडे जाणारा युक्तिवाद तिथेच सर्वांत अधिक आकर्षक वाटतो. ते क्षेत्र भाताचे. शेतातील पीक, कांडून काढलेला दाणा आणि शिजवलेले अन्न या तिन्हींना जपानीत ‘इने’, ‘कोमे’ आणि ‘मेशी’ अशी वेगळी नावे आहेत, शिवाय शेवटच्या अर्थी ‘गोहान’ हा आदरार्थी शब्द चालतो. ह्मोंगमध्येही हे तीन टप्पे वेगळे आहेत : रोपाला आणि साळीला एक शब्द, तांदळाला दुसरा, आणि भाताला ‘मॉ’. जेवणे यासाठी ह्मोंगमध्ये ‘भात खाणे’ असेच म्हणतात आणि जपानीतही ‘गोहान’ म्हणजे भात आणि जेवण दोन्ही. अर्थाची विभागणी जवळजवळ तंतोतंत जुळते. ध्वनीच्या पातळीवर मात्र तीनपैकी एकही जोडी जुळत नाही. आणि साळ, तांदूळ, भात हे तीन वेगळे शब्द वापरणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला या विभागणीत नवल वाटण्याचे कारण नाही, कारण जो समाज भात पिकवून खातो त्याला हे भेद करावेच लागतात. हे साम्य जीवनपद्धतीचे आहे, वंशावळीचे नाही.

ध्वनिव्यवस्थेकडे वळले की दोन भाषांमधील अंतर किती मोठे आहे ते कळते. येथे ह्मोंग म्हणताना श्वेत ह्मोंग ही बोली अभिप्रेत आहे. तिच्या जोडीला हरित ह्मोंग ही दुसरी मोठी बोली लाओस, थायलंड आणि अमेरिकेत बोलली जाते. जपानीत पाच स्वर आणि मोजकी व्यंजने आहेत, ‘र’ आणि ‘ल’ यांत भेद नाही, अल्पप्राण आणि महाप्राण यांतही भेद नाही. श्वेत ह्मोंगमध्ये, मोजण्याची पद्धत कोणती यावर अवलंबून, पन्नासच्या आसपास आद्य व्यंजने निघतात. त्यांत ‘प’ आणि ‘फ’ यांसारख्या अल्पप्राण-महाप्राण जोड्या आहेत, नाकातून सुरू होऊन तोंडात फुटणारी ‘म्प’, ‘न्त’ अशी व्यंजने आहेत, ‘प’ आणि ‘ल’ एकत्र उच्चारून होणारे ध्वनी आहेत, घशाच्या मागील भागातून येणारा ‘क’ आहे, आणि अघोष अनुनासिकही आहेत. ह्मोंग या नावातील पहिला ध्वनी असाच आहे : मराठीत ‘म्हैस’ किंवा ‘म्हातारा’ म्हणताना स्वरतंतू कंप पावत असतात, ह्मोंगमधील ‘ह्म’ मात्र निव्वळ श्वासाचा असतो. मराठी भाषकाला जपानी उच्चार सोपे जातात आणि ह्मोंगचे अर्धे उच्चार ओळखीचे वाटतात, तर जपानी भाषकाला ह्मोंगमधील बहुतेक भेद ऐकूही येत नाहीत.

अवयवाच्या शेवटी मात्र चित्र उलटे होते. ह्मोंगमध्ये एका अवयवात एक व्यंजन किंवा व्यंजनसमूह, एक स्वर आणि एक सूर एवढेच असते. शेवटी व्यंजन येत नाही, फार तर नाकातला ध्वनी उरतो. सूर म्हणजे अवयव उच्चारतानाची पट्टी आणि आवाजाची जात, जी बदलली की शब्दच बदलतो. ‘पॉ’ हा एकच अवयव घेतला तर उंच सपाट सुरात त्याचा अर्थ गोळा, उंचावरून घसरणाऱ्या सुरात बाई किंवा मादी, चढत्या सुरात फेकणे, मध्यम सुरात प्लीहा, खालच्या सुरात काटा, श्वासमिश्रित सुरात आजी आणि दबक्या, तुटक सुरात पाहणे असा होतो. असे सात सूर श्वेत ह्मोंगमध्ये आहेत, आणि मर्यादित व्याकरणिक उपयोगाचा आठवाही धरला जातो. जपानीतही स्वराघाताने अर्थ बदलतो, टोकियोच्या बोलीत ‘हाशी’चा पहिला भाग उंच म्हटला तर जेवणाच्या काड्या आणि दुसरा उंच म्हटला तर पूल, पण ही व्यवस्था सुरांची नाही. तिथे एका शब्दात आवाज कोठून खाली उतरतो एवढेच महत्त्वाचे असते आणि असंख्य शब्दांत तो उतरतच नाही. जपानी उच्चाराचा पाया सूर नसून मात्रा आहे. दीर्घ स्वर दोन मात्रांचा, द्वित्तातील अर्धा ठोका एका मात्रेचा, अवयवाच्या शेवटचा अनुनासिकही एका मात्रेचा, असा हिशेब मात्रावृत्तांची सवय असलेल्या मराठी वाचकाला लगेच उमगतो. हायकूतील पाच, सात, पाच हे माप अक्षरांचे नसून अशा मात्रांचे आहे.

सुरांच्या इतिहासात तुलनेसाठी एक मोलाची गोष्ट आहे. फ्रेंच अभ्यासक आंद्रे ओद्रिकूर यांनी 1954 मध्ये व्हिएतनामी भाषेबाबत दाखवले, की सूर हे लुप्त झालेल्या अन्त्य व्यंजनांचे अवशेष असतात, आणि पुढे आद्य व्यंजनातील घोष-अघोष भेद मिटला की प्रत्येक सूर दुभंगतो. ह्मोंगमध्ये नेमके हेच झाले. चांग कुन यांनी 1953 मध्येच म्याओ-याओ सुरांचे संवाद पद्धतशीर मांडले होते, आणि मूळ चार वर्गांचे आठ होऊन त्यांतील काही श्वेत ह्मोंगमध्ये एकत्र आले, हे आता सर्वमान्य आहे. जपानीच्या स्वराघाताचा इतिहास वेगळ्या मार्गाने कळतो : हेइआन काळाच्या उत्तरार्धात रचलेल्या ‘रुइजु म्योगिशो’ या कोशात शब्दांच्या चढउताराच्या खुणा केलेल्या आहेत, आणि किंदाइची हारुहिको यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या आजच्या बोलींशी ताडून शब्दांचे वर्ग ठरवले. एका भाषेचा भूतकाळ पोथीतून वाचता येतो, तर दुसरीचा केवळ जिवंत बोली एकमेकींशेजारी ठेवून. दोन भाषांची तुलना करणारे बहुतेक लेखक या फरकाकडे दुर्लक्ष करतात, आणि आपापल्या सोयीचे शब्द निवडण्याचा मोह त्यातूनच होतो.

व्याकरणात दोन्ही भाषांना सारखी दिसणारी काही वैशिष्ट्ये आहेत. नामाला लिंग नाही, अनेकवचन सक्तीचे नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, आणि वस्तू मोजताना संख्येबरोबर वर्गक लावावा लागतो. वर्गक म्हणजे वस्तूच्या जातीप्रमाणे संख्येला जोडला जाणारा शब्द; मराठीत ‘चार जण’, ‘दोन नग’ म्हणताना त्याची पुसट छाया दिसते. जपानीत लांबट वस्तूंना ‘होन’, सपाट वस्तूंना ‘माइ’, लहान प्राण्यांना ‘हिकी’, पुस्तकांना ‘सात्सु’ लागतो आणि संख्येप्रमाणे त्यांचे उच्चारही बदलतात : एक काठी ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘सान्बोन’. ह्मोंगमध्ये सजीवांना ‘तु’, गोल किंवा भरीव वस्तूंना ‘लु’, पुस्तकांना ‘फाउ’, मूठ असलेल्या अवजारांना ‘टा’ असे वर्गक आहेत. साम्य इथपर्यंतच. ह्मोंगमध्ये संख्या नसतानाही वर्गक नामापूर्वी येतो आणि तेव्हा तो ‘तो विशिष्ट’ असा अर्थ देतो. ‘तु दे’ म्हणजे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला तो कुत्रा. माझे घर म्हणतानाही मी, वर्गक आणि घर असा क्रम लागतो. जपानीत वर्गक कधीही असा एकटा उभा राहत नाही, आणि त्यांतील बहुतेक वर्गक चिनीतून संख्यावाचकांबरोबर आलेले आहेत. पूर्व आणि आग्नेय आशियात वर्गक ही संपूर्ण प्रदेशाची खूण आहे, ती थाई, बर्मी, व्हिएतनामी अशा भिन्न कुलांच्या भाषांत आढळते. तिच्यावरून नाते ठरवणे म्हणजे एका बाजारातून भाजी घेणाऱ्यांना एका घरातले मानणे होय.

वाक्यरचनेत तर दोघी दोन टोकांना आहेत. ‘मी भात खातो’ हे वाक्य ह्मोंगमध्ये ‘कु नॉ मॉ’, म्हणजे मी-खाणे-भात या क्रमाने येते, तर जपानीत ‘वाताशी वा गोहान ओ ताबेरु’ असे मराठीप्रमाणेच क्रियापदावर संपते. ह्मोंगमध्ये विशेषण नामानंतर येते, जपानीत आधी. ह्मोंगमध्ये नकार आणि प्रश्न यांची चिन्हे क्रियापदापूर्वी येतात, जपानीत नकार क्रियापदाला प्रत्ययासारखा चिकटतो आणि प्रश्नदर्शक ‘का’ वाक्याच्या अगदी शेवटी येतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ह्मोंग अयोगात्मक आहे, म्हणजे तिथे शब्द रूप बदलत नाहीत आणि अर्थ क्रमावर व स्वतंत्र अव्ययांवर अवलंबून असतो. जपानी योगात्मक आहे, जिथे धातूला प्रत्ययांची रांग लागते. आणणे या क्रियेचे उदाहरण बोलके आहे. जपानीत ‘मोत्ते कुरु’, म्हणजे शब्दशः ‘धरून येणे’, आणि मराठीत ‘घेऊन येणे’; दोन्हींत पहिल्या क्रियापदाला ‘ते’ किंवा ‘ऊन’ हा जोडणारा प्रत्यय लागतो. ह्मोंगमध्ये उचलणे आणि येणे ही दोन क्रियापदे कोणत्याही प्रत्ययाशिवाय एकाच वाक्यात उभी राहतात. अशा क्रियापदमालिकांवर सविस्तर लिहिणाऱ्या नेरिडा जार्की सिडनी विद्यापीठात जपानीच्या अभ्यासक आहेत. दोन्ही भाषा आतून जाणणारे असे लोक फारच थोडे, आणि त्यांच्या लिखाणात नात्याच्या गोष्टी नसून रचनेचे बारकावे असतात हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इथे मराठीचा संबंध केवळ उदाहरणापुरता नाही. ‘करून बघणे’ आणि ‘शिते मिरु’, ‘करून टाकणे’ आणि ‘शिते शिमाउ’ अशी साम्ये इतकी आहेत, की वाक्यरचनेच्या कसोटीवर जपानी ही ह्मोंगपेक्षा मराठीला कितीतरी अधिक जवळची ठरते. कॉलिन मॅसिका यांनी 1976 मध्ये भारतीय भाषाक्षेत्राचा अभ्यास करताना दाखवले होते, की क्रियापद शेवटी असणे, शब्दयोगी अव्यये, ऊनवाचक रूपे अशी लक्षणे मध्य आशियातून कोरिया-जपानपर्यंत पसरलेली आहेत. टोकियोच्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत काम केलेले मराठी भाषाशास्त्रज्ञ प्रशांत परदेशी यांनीही जपानी आणि मराठी यांची रचनात्मक तुलना केली आहे. परंतु मराठी इंडो-युरोपीय कुलातील आहे आणि जपानी नाही, याविषयी कोणाच्याही मनात संशय नाही. रचनेतील एवढे साम्यही जर नाते सिद्ध करू शकत नसेल, तर जपानी आणि ह्मोंग यांच्यातील तुटपुंज्या साम्याने ते कसे सिद्ध होणार?

माणसामाणसांतील संबंध भाषेत कसे उतरतात, या बाबतीत दोघींचे मार्ग पूर्ण वेगळे आहेत. जपानीत आदर क्रियापदातच घडवला जातो : समोरच्याला मोठे करणारी, स्वतःला लहान करणारी आणि निव्वळ शिष्टाचाराची अशी तीन प्रकारची रूपे आहेत, आणि तू-तुम्हीसाठीची सर्वनामे शक्य तितकी टाळली जातात. ह्मोंगमध्ये क्रियापदाला असा आदर लागत नाही. तिथे आदर नात्याच्या नावांतून आणि विनंतीच्या लहान अव्ययांतून व्यक्त होतो. सर्वनामे मात्र ह्मोंगमध्ये नेटकी आहेत, प्रत्येक पुरुषात एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी नऊ. मराठीने संस्कृतातील द्विवचन केव्हाच सोडून दिले. ह्मोंग बोलणारा आजही आम्ही दोघे आणि आम्ही सगळे यांसाठी वेगळे शब्द वापरतो. भावनांच्या शब्दांत ह्मोंगमध्ये यकृताला मध्यवर्ती स्थान आहे, ‘चांगले यकृत’ म्हणजे आनंद; जपानीत राग येणे म्हणजे ‘पोट उभे राहणे’. जेम्स मॅटिसॉफ यांनी अशा रचना आग्नेय आशियातील असंख्य भाषांत दाखवून दिल्या आहेत, म्हणून याही साम्याला नात्याचे वजन देता येत नाही.

एका क्षेत्रात मात्र दोन्ही भाषा खरोखर श्रीमंत आहेत, ते म्हणजे अनुकरणवाचक शब्दांचे. जपानीत चकाकण्याला ‘किराकिरा’, शुकशुकाटालाही ‘शीन’ असा शब्द आहे, आणि आवाजाचे शब्द व स्थितीचे शब्द असा भेदही केला जातो. ह्मोंगमध्ये असे शब्द जोडीने येतात आणि त्यांत सुराचा उपयोगही अर्थपूर्ण असतो, हे रॅटलिफ यांनी 1992 च्या पुस्तकात सविस्तर दाखवले. खळखळ, झुळझुळ, लखलख यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला या दोन्ही भाषांतले हे शब्द परके वाटणार नाहीत, युरोपीय वाचकाला मात्र ते शिकावे लागतात.

लेखनाच्या इतिहासात दोघींची स्थिती सर्वांत विषम आहे. जपानीने चिनी अक्षरे घेतली, 712 मध्ये ‘कोजिकी’ लिहिला गेला, त्याच शतकात ‘मान्योशू’ हा काव्यसंग्रह तयार झाला, आणि नवव्या शतकापासून हिरागाना व काताकाना ही अक्षरे रूढ होत गेली. त्यांचा ‘आ, का, सा, ता, ना’ हा क्रम बौद्ध मठांतील सिद्धम् लिपीच्या, म्हणजेच भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून आला आहे. ह्मोंगला लिपी मिळाली ती 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस लाओसमध्ये, विल्यम स्मॉली, लिनवुड बार्नी आणि ईव्ह बेर्त्रे या मिशनऱ्यांच्या हातून. रोमन अक्षरांच्या या पद्धतीत सूर शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाने दाखवतात, त्यामुळे ह्मोंग हे नाव लिहिताना शेवटी न उच्चारला जाणारा ‘बी’ येतो. अन्त्य व्यंजनांतून सूर जन्मले आणि सुरांसाठी पुन्हा अन्त्य व्यंजनेच योजली गेली, हा योगायोग मजेशीर आहे. याच काळात, 1959 मध्ये, लिहिता-वाचता न येणाऱ्या शाँग लू यांग या शेतकऱ्याने पाहाव ह्मोंग ही संपूर्ण स्वतंत्र लिपी घडवली, जिच्यात स्वराची खूण व्यंजनाच्या आधी लिहितात. राजकीय संशयातून 1971 मध्ये त्याचा खून झाला. त्याची लिपी 2014 मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. निरक्षर माणसाने आपल्या भाषेची ध्वनिव्यवस्था इतकी अचूक ओळखून लिपी रचल्याची उदाहरणे जगात विरळाच आहेत, आणि कुलाच्या प्रश्नावर जितकी शाई खर्च झाली त्याच्या काही अंश जरी या लिपीच्या अभ्यासावर झाली असती तर ज्ञानात अधिक भर पडली असती.

तुलना पुढे न्यायची असेल तर ती टोकियोची जपानी आणि अमेरिकेत गेलेली श्वेत ह्मोंग यांच्यात करून भागणार नाही. एका बाजूला र्‍यूक्यू भाषांसह पुनर्रचित केलेले मूळ जपोनिक आणि दुसऱ्या बाजूला मिएन व म्याओ भाषांच्या सर्व शाखांतून पुनर्रचित केलेले मूळ ह्मोंग-मिएन, ही दोन रूपे समोर ठेवावी लागतील, आणि त्यांतून दोहोंकडील चिनी ऋणशब्द काळजीपूर्वक बाजूला काढावे लागतील. त्यासाठी लागणारी सामग्री झपाट्याने कमी होत आहे. युनेस्कोने 2009 मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदवलेल्या जपानमधील आठ भाषांत सहा र्‍यूक्यू भाषा आहेत, आणि त्यांतील योनागुनी व याएयामा यांची स्थिती विशेष गंभीर मानली आहे.